जुन्या मोटारसायकलीतली वीज

शाळेच्या पुस्तकात विजेची गोष्ट ठरावीक नावांनी सुरू होते आणि ठरावीक नावांनीच संपते. व्होल्टाने 1800 साली घट बनवला, फॅरेडेने 1831 साली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने वीज उत्पन्न करून दाखवली, एडिसनने दिव्याचा धंदा उभारला. पुढे काय झाले? पुढे ती वीज कोट्यवधी हातांत गेली. तारा कळकल्या, दिवे विझले, आणि कुणीतरी ते पुन्हा लावले. त्या 'कुणीतरी'चा पत्ता पुस्तकात नसतो. शोधाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ, दुरुस्तीचा इतिहास लिहिणारा विरळा. त्या दुसऱ्या इतिहासाचे एक लहानसे पान आज तुमच्यापुढे ठेवतो. ते पान मुंबईतल्या माझगावचे आहे, आणि ते उघडायला एका जुन्या मोटारसायकलीची टाकी उतरवावी लागते.

माझगाव म्हटले की बाहेरगावच्या माणसाला गोदी आठवते, आणि ते बरोबरच आहे. माझगाव डॉक ही कंपनी 1934 साली स्थापन झाली, 1960 साली भारत सरकारने ती ताब्यात घेतली, आणि 1972 साली नौदलात दाखल झालेली 'नीलगिरी' ही युद्धनौका तिथेच बांधली गेली. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशी हाताने काम करणारी माणसे या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. जवळच म्हातारपाखाडी, लाकडी जिन्यांच्या बैठ्या घरांची जुनी ख्रिस्ती वाडी. टिळकांचे सहकारी आणि होमरूल चळवळीतले पुढारी जोसेफ 'काका' बाप्टिस्टा तिथलेच. पण आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मुंबई शहराला वीज पुरवण्यासाठी जी कंपनी निघाली, तिने आपले पहिले वीजघर 1905 साली इथून हाकेच्या अंतरावर, वाडी बंदरला उभारले. मागणी वाढली तेव्हा 1912 साली दुसरे वीजघर माझगावातच, कसारा येथे उभे राहिले. 7 मे 1907 रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली ती या वाडी बंदरच्या विजेवर. ती ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बंद झाली. वीज मात्र राहिली. तेव्हा विजेशी घरोबा असलेल्या मोजक्या वस्त्यांपैकी ही एक, असे म्हणायला हरकत नाही.

आता मोटारसायकलीकडे वळू. सुरुवातीच्या मोटारसायकलीत दिवा होता, पण तो विजेचा नव्हता. जत्रेतल्या दुकानांवर पूर्वी कार्बाइडचे गॅसचे दिवे असत ते तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असतील. तोच दिवा गाडीच्या पुढे टांगलेला असे. कार्बाइडच्या खड्यांवर थेंबथेंब पाणी पडायचे, गॅस तयार व्हायचा आणि तो पेटवायचा. वीज होती ती फक्त इंजिनात, ठिणगीपुरती. बॉश यांच्या कारखान्यातल्या गोटलोब होनोल्ड या इंजिनिअराने 1902 साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. इंजिनाबरोबर फिरणारे तारेचे वेटोळे, भोवती चुंबक. बॅटरी नाही, काही नाही. लाथ मारली की ठिणगी. फॅरेडेचा प्रयोगच तो, फक्त लोखंडी पेटीत बसवलेला. पुढे 1912 च्या सुमारास अमेरिकेत केटरिंग यांची बॅटरी-कॉइलची पद्धत मोटारींत आली आणि यथावकाश मोटारसायकलींतही उतरली. तिच्यात बॅटरीतली सहा व्होल्टची वीज कॉइलमध्ये सोडायची, आणि 'पॉइंट' नावाचे दोन लहानसे धातूचे ओठ नेमक्या क्षणी उघडून ती तोडायची. तोडताच कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात काही हजार व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगात ठिणगी पडते. पॉइंटचे ओठ उघडतात किती? साधारण 0.4 मिलिमीटर. जुने मिस्त्री ते अंतर व्हिजिटिंग कार्ड घालून पाहत. सगळी गाडी त्या कार्डाच्या जाडीवर चालते म्हणा ना!

आपल्याकडे या गाड्या घरोघर पोचल्या त्या स्वातंत्र्यानंतर. लष्कराला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी मोटारसायकल हवी होती, पसंती पडली ती विलायतेच्या एनफिल्ड बुलेटला. आणि 1955 साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली. गंमत अशी की मूळची विलायती कंपनी 1970 पर्यंत बुडाली आणि तिची गाडी मद्रासेजवळ तिरुवोत्तियूरला चालू राहिली. दुसरी जावा. हे नाव जानेचेक हा चेक कारखानदार आणि वांडरर ही जर्मन कंपनी यांच्या नावांची पहिली अक्षरे जुळवून 1929 साली झालेले. ती गाडी आधी परदेशातून येई. मग इराणी कुटुंबाने 1960-61 च्या सुमारास म्हैसूरला कारखाना काढला आणि पुढे तीच गाडी 'येझदी' म्हणून खपली. तो कारखाना 1996 साली बंद झाला. तिसरी राजदूत, मूळ पोलंडची. खेड्यापाड्यातले दूधवाले आणि ग्रामसेवक यांनी तिला आपलेसे केले. तिचा दिवा इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असे. गाडी हळू चालली की उजेड मिणमिणा, आणि एक्सिलरेटर पिळला की लख्ख. रात्री खड्ड्यापाशी वेग कमी करावा तर खड्डाच दिसेनासा व्हायचा, हे ज्यांनी अनुभवले ते अजून सांगतात.

या सगळ्या गाड्यांचा एक समान धर्म होता: सहा व्होल्ट. सहा आणि बारा यांत फरक काय, हे शिक्षक बंधुभगिनींनी फळ्यावर मांडून पाहण्यासारखे आहे. दिवा 30 वॉटचा धरा. बारा व्होल्टच्या गाडीत तो अडीच अँपिअर प्रवाह घेतो, सहा व्होल्टच्या गाडीत पाच. आता तारेच्या एका सांध्यावर थोडा कळंक चढला आणि तिथे एकपंचमांश ओहम इतका अडथळा तयार झाला. बारा व्होल्टात अर्धा व्होल्ट वाया जाईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. सहा व्होल्टात मात्र सहातला जवळजवळ एक व्होल्ट त्या सांध्यातच मुरेल, आणि दिव्याचा उजेड व्होल्टपेक्षा पुष्कळ वेगाने घटत असल्यामुळे तो निम्म्याच्या आसपास येईल. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते हे आपल्या घरच्या बायकांना विज्ञान न शिकता ठाऊक आहे. माझगावच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या तारेचे तसेच होते. चार पावसाळे गेले की सांध्यावर हिरवट पूड धरते. दिवा मंद, हॉर्न बसलेला, आणि माणूस बॅटरीला दोष देतो. बॅटरी बदलतो, दिवा तसाच. मग म्हणतो, गाडी म्हातारी झाली. गाडी नव्हे, सांधा म्हातारा झालेला असतो!

माझगावात माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. एका कचेरीत नोकरीला. विजेचे शिक्षण शाळेतल्या विज्ञानापुरते. सत्तरच्या दशकात त्यांच्या वडिलांनी घेतलेली सहा व्होल्टची बुलेट त्यांच्याकडे आली. काही वर्षे ठीक चालली. एका रात्री मुलीला मागे बसवून ते रे रोडच्या बाजूने घरी येत होते. तुम्ही तो रस्ता पाहिला असेल तर कल्पना येईल. बंदराकडे जाणाऱ्या मालट्रकांची रांग तिथे रात्री सुरू असते. वळण घेण्यासाठी त्यांनी हँडल डावीकडे वळवले आणि गाडीतला जीव गेला. इंजिन बंद, पुढचा दिवा बंद, मागचा तांबडा दिवाही बंद. मागून ट्रक येत होता. त्या ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून पुढची गोष्ट सांगता येते. गाडी ढकलत कडेला घेतली, हँडल सरळ केले, तर दिवे पुन्हा लागलेले! पोरगी रडत होती, आणि एक जळका वास येत होता.

घरात दुसऱ्या दिवशी एकच बोलणे: गाडी भंगारात द्या. दारूखाना जवळच आहे, तिथे जहाजे तुटतात तर मोटारसायकलीचे काय घेऊन बसलात. एका गॅरेजात गाडी दाखवली. मिस्त्रीने ती मधल्या स्टँडवर लावली, दिवा पाहिला, हॉर्न वाजवला, किक मारली, आणि सगळे ठीक आहे असा निर्वाळा दिला. फार आग्रह केला तेव्हा म्हणाला, सगळे वायरिंग उपटून नवीन टाकू. हा उपाय चुकीचा नव्हे. पण मूळ बिघाड कळला नाही तर नव्या तारा त्याच जागी त्याच रीतीने घासणार, आणि दोन वर्षांनी तोच प्रसंग. बायकोने अट घातली: काय झाले होते ते बोट ठेवून दाखवा, मगच मुलीला मागे बसवा. अट रास्त होती.

या गृहस्थांनी काय केले ते तपशिलाने सांगतो, कारण गोष्टीचा जीव तिथे आहे. शेताच्या टोकाला पाणी पोचेनासे झाले तर शेतकरी टोकाला उभा राहून पाहत बसत नाही. तो पाटाच्या मुखापासून चालत येतो, आणि बांध कुठे फुटला ते पाहतो. गाडीतल्या विजेचा पाट बॅटरीपासून निघतो. तिथून फ्यूज, मग टाकीखालून पुढे हेडलाइटच्या घुमटीत, तिथे अँमिटर आणि चावी. आणि चावीतून एक तार पुन्हा टाकीखालून मागे कॉइलकडे. परतीच्या वाटेला तार लागत नाही, गाडीचा लोखंडी सांगाडाच ते काम करतो. त्यालाच 'अर्थ' म्हणायचे. (इथे एक सावधगिरी. पन्नास-साठच्या दशकांतल्या पुष्कळ इंग्लिश गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक सांगाड्याला जोडलेले असे, नंतरच्या गाड्यांत वजा टोक. जुन्या गाडीला हात लावण्यापूर्वी हे पाहावे, गृहीत धरू नये.)

पाटाच्या मुखाशीच पहिला धक्का बसला. फ्यूजच्या जागी फ्यूज नव्हता. कुणीतरी तांब्याच्या जाड तारेचा वेढा बसवला होता. फ्यूज म्हणजे घराचा राखणदार. चोर आला की त्याने आधी मरायचे असते. इथे राखणदाराच्या जागी खांब उभा केलेला. त्यामुळे त्या रात्री वीज सांगाड्यात वाहून गेली तरी काही वितळले नाही, फक्त तारा तापल्या. त्या तापलेल्या तारांच्या वर चार बोटांवर पेट्रोलची टाकी होती. जळका वास कसला, हे इथे कळले. त्या ट्रकपेक्षा मला तर हेच अधिक भयंकर वाटते.

मग त्यांनी मागच्या दिव्याचा सहा व्होल्टचा बल्ब घेतला, त्याला दोन तारा जोडल्या आणि तो बल्ब फ्यूजच्या दोन चिमट्यांमध्ये अडकवला. अगदी साधी युक्ती, पण मोठ्या यंत्राचे काम करते. वीज योग्य कामाविना वाहू लागली तर सगळी त्या बल्बातून जाणार, बल्ब लख्ख लागणार, आणि बल्बाच्या अडथळ्यामुळे तारा मात्र तापणार नाहीत. पॉइंटच्या ओठांमध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवले, म्हणजे कॉइलही वीज घेणार नाही. सगळे दिवे बंद, चावी चालू. बल्ब विझलेला. म्हणजे या क्षणी गळती नाही. हँडल हळूहळू उजवीकडे वळवले, बल्ब विझलेलाच. डावीकडे वळवले, आणि शेवटच्या दोन इंचांत बल्ब लख्ख लागला. सरळ केले, विझला. पुन्हा डावीकडे, पुन्हा लागला. मुलीला बोलावून तिच्याच हाताने त्यांनी ते हँडल चारदा वळवून घेतले.

स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीचे हँडल कायम सरळ असते, म्हणून मिस्त्रीला काही सापडले नव्हते.

टाकी उतरवली. सांगाड्याला हँडल जिथे जोडलेले असते तिथे तारांची जुडी वळणावर घासते. लाखो वेळा वाकते आणि सरळ होते. तिथे काळ्या प्लॅस्टिकच्या टेपचे एक गाठोडे होते. ते सोडवायला सुरुवात केली तेव्हा मी तिथे होतो, आणि माझा धंदा इतिहासाचा असल्यामुळे मला ते पाहताना मोठी मौज वाटली. बखरीत मागाहून घुसडलेला मजकूर अभ्यासक कागद, शाई आणि अक्षराचे वळण यांवरून वेगळा काढतात. इथे तीच रीत. सर्वांत वर प्लॅस्टिकची टेप, अलीकडची. तिच्याखाली घरातल्या टेबललॅम्पला असते तसली पांढरी वायर, नुसती पीळ देऊन जोडलेली, डाख नाही. त्याखाली कापडी टेप, तेल पिऊन कडक झालेली, आणि तिच्या आत डाख देऊन नीट केलेला एक जुना सांधा. सर्वांत तळाला कारखान्यातून आलेली मूळ तार. म्हणजे एकाच जागी तीन वेळा बिघाड झाला होता आणि दोन वेगळ्या हातांनी, कदाचित तीन, तो दुरुस्त केला होता. पहिला हात जाणत्याचा, दुसरा घाईचा. त्या पांढऱ्या वायरचे कवच फाटले होते आणि उघडे तांबे सांगाड्याला टेकत होते, तेही हँडल डावीकडे पूर्ण वळले तरच.

वडिलांची एक वही होती. पेट्रोल, ऑइल, कामाचे पैसे, तारखा. कापडी टेपेच्या काळातली दुरुस्ती त्या वहीत सापडली. पांढऱ्या वायरीचीही सापडली. कोकणात जाताना वाटेत केलेली, आठ आणे खर्च. फ्यूजच्या जागी जाड तार कुणी बसवली, त्याची नोंद मात्र वहीत कुठेही नाही. हिशेबी माणसेही काही गोष्टी लिहून ठेवत नाहीत, हा अनुभव दप्तरे चाळणाऱ्यांना नवा नाही.

बुलेटच्या अँमिटरबद्दल दोन शब्द सांगायचे राहिले. त्याच्या तबकडीवर मध्ये शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला वजा. बॅटरी भरत असली की काटा अधिककडे, खर्च होत असली की वजाकडे. जुने चालक त्याचा आणखी एक उपयोग करत. चावी लावून किक हळूहळू दाबायची; पॉइंट मिटलेले असले की काटा किंचित वजाकडे झुकतो, उघडले की शून्यावर येतो. काटा शून्यावर आला की पिस्टन वर पोचत आला हे समजायचे, डीकॉम्प्रेसर दाबून त्याला जरासे पुढे न्यायचे, आणि मग सगळ्या अंगाचा भार देऊन किक मारायची. असे न करता नुसती लाथ मारणाऱ्याची पोटरी बुलेटने सुजवली नाही असे झाले नाही. हे ज्ञान एकाने दुसऱ्याला गाडीपाशी उभे राहून दिले. आता नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत, किकही बहुधा नाही. त्यामुळे ते सांगणारा आणि ऐकणारा दोघेही कमी होत चालले आहेत.

हौशी लोकांत सध्या एक वाद आहे: जुन्या गाडीचे सहा व्होल्ट बदलून बारा करावेत काय? काटेकोर बोलायचे तर 'विंटेज' हा शब्द याहून पुष्कळ जुन्या गाड्यांचा. पण केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये नियम काढून पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि त्या नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. तेव्हा प्रदर्शनात मिरवायची गाडी असेल तर तिचे सहा व्होल्ट राखा, सांधे स्वच्छ करा, डाख द्या, अर्थचा बोल्ट घासून लखलखीत करा. सहा व्होल्टचा दिवाही समाधानकारक लागतो. पण रोज रात्री ट्रकांच्या गर्दीतून घरी यायचे असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: बारा व्होल्ट करा आणि मोकळ्या मनाने करा. मूळ स्वरूपाचा अभिमान माणसाच्या जिवापेक्षा मोठा नाही. काढलेले जुने सामान तेवढे फेकू नका, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा.

तुमच्या गावातही गोठ्यात किंवा पडवीत, पेंढ्याखाली एखादी राजदूत, येझदी किंवा बुलेट उभी असेल. तिला हात लावणार असाल तर आधी बॅटरीची तार सोडा. टाकीत पेट्रोल असेल तर टाकी उतरवून दूर ठेवा. जुन्या सांध्यावर ठिणगी उडते. फ्यूजच्या जागी काय आहे ते पाहा. कुठलीही तार तोडण्यापूर्वी कागदावर आराखडा काढा, आणि रंग जसा दिसतो तसा लिहा. तेलाने काळी झालेली तार धुतली की तपकिरी निघते. विज्ञानाच्या शिक्षकांना तर ही आयती प्रयोगशाळा आहे: सहा व्होल्टला झटका बसत नाही, बल्ब आणि दोन तारा एवढेच साहित्य लागते, आणि मुले धड्यातल्या ओहमला इथे प्रत्यक्ष भेटतात. शॉर्ट झालेली तार मात्र हात भाजण्याइतकी तापते, तेव्हा फ्यूज असल्याखेरीज बॅटरी जोडू देऊ नका.

माझगावच्या त्या बुलेटमध्ये आता टाकीखाली नवी तार आहे, वळणाच्या जागी तिच्यावर रबराची नळी चढवली आहे आणि जुडी सैल बांधली आहे, म्हणजे वाकताना ताण येऊ नये. फ्यूज खरा आहे. मुलगी मागे बसते. आराखडा त्यांनी शाळेच्या आलेखाच्या कागदावर काढून प्लॅस्टिकमध्ये घालून हत्यारांच्या पेटीत ठेवला आहे. त्यात एक जांभळी तार तुटक रेषेने दाखवली आहे. ती टाकीखालून येते, हेडलाइटच्या घुमटीत जाते, आणि तिची दोन्ही टोके टेप गुंडाळून बंद केलेली आहेत. कारखान्याच्या नकाशात ती नाही, वडिलांच्या वहीतही नाही. तिच्यापुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.